उंबरठेश्वराची भीती

मी मुळात भित्रा माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी विचारायला नको की बाबा रे, तू वेळेवर का बोलला नाहीस. मी कुत्र्याला भितो, इंजेक्शनला भितो, साहेबांचा फोन आला तर उचलायच्या आधी घोटभर पाणी पितो. पण हे सगळं भिणं एकत्र केलं तरी नगरच्या सावेडीतल्या आमच्या घरमालकांची जी भीती वाटायची तिच्या पासंगाला पुरायचं नाही. त्यांच्या फाटकाची कडी काढताना माझी बोटं गार पडायची. उन्हाळ्यातसुद्धा.

आम्ही त्यांना सर म्हणायचो. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेले. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी संगमनेरला दिलेली. वरच्या मजल्यावर सर एकटे आणि खाली मी भाडेकरू. मी मूळचा सोनईचा, एमआयडीसीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटरपुढं बसतो.

खोली बघायला गेलो त्या दिवशी सर खालच्या दारात, उंबरठ्यावर उभे होते. हातात मिटलेली काळी छत्री, आणि पावसाचा तर महिनाभर पत्ता नव्हता. मी फाटक उघडून चार पावलं टाकली तोच छत्री आडवी झाली.

"तिथंच. आधी नाव, मग गाव, मग पुढचं पाऊल."

मी नाव सांगितलं. सोनई म्हणालो.

"मोठ्यानं. ऊस पिकवणाऱ्या गावचा माणूस असा पुटपुटतो होय?"

बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या कानाच्या जरा बाजूला बघत होते. तिथं कोणी दुसराच उभा आहे आणि तो माझ्यापेक्षा महत्त्वाचा आहे, असं. मी हळूच मागं वळून पाहिलं. कोणी नव्हतं. तेव्हाच पळायला हवं होतं, पण पळायलाही धाडस लागतं.

त्या घराचे नियम कुठं लिहिलेले नव्हते, मोडल्यावर कळायचे. रोज यायचा तो दूधवाला एकदा घाईत बाजूच्या बोळातून आला आणि सरांच्या कुशीपाशी जाऊन "दूध" म्हणाला. सर असे दचकले, आणि छत्री अशी फिरली, की कॅन पायरीवरून गडगडत फाटकापर्यंत गेला. "समोरून ये! चोर बाजूनं येतात!" तो बिचारा पुढं महिनाभर फाटकातूनच आरोळी ठोकायचा. घरातली एकही वस्तू बोटभर हलवायची नाही. वरच्या खोलीत खुर्चीच्या, टेबलाच्या पायांभोवती फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं गोल काढलेले होते, वस्तू त्या गोलातच पाहिजे. जिन्याच्या बारा पायऱ्यांच्या कडांना चार-चार बोटं पांढरा पट्टा, तो दर दिवाळीला सर स्वतः उकिडवे बसून रंगवायचे. दुपारी टळटळीत उन्हात घरातले सगळे दिवे चालू. आणि बाहेर कुठं निघालो तर त्यांच्या बरोबरीनं चालायचं नाही, मागून तर नाहीच नाही. पुढं चालायचं, आणि बोलत चालायचं. "मुक्या माणसाबरोबर मी हिंडत नाही," असं ते म्हणायचे.

रोज सकाळी सात वाजता मला वर बोलावणं असायचं. त्यांच्यासमोर उभं राहून पेपर वाचायचा, मोठ्यानं, पहिल्या पानापासून. सर डोळे मिटून ऐकायचे.

"पानी नव्हे, पाणी. जीभ उचलायला कष्ट पडतात का तुला?"

"नाही सर."

"मग उचल. आणि ती निधनवार्ता गाळलीस ती वाच."

ती मी गाळली हे त्यांना कसं कळलं, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही.

आता खेळाचं सांगतो, कारण सगळं तिथूनच झालं. दर रविवारी दुपारी माझ्या खोलीवर आम्ही तिघं जमायचो. मी, माझ्या ऑफिसातली मृणाल, आणि तौसिफ. तौसिफचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. खेळ असा, की एकानं गोष्ट रचायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. किल्ले, राक्षस, शापित विहिरी, सगळं. अवघड प्रसंग आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा, आकडा मोठा पडला तर निभावलं, नाहीतर मेलं. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्याच्यावर त्याची ताकद, सवयी, जवळचं सामान, दुबळी बाजू असं सगळं लिहितात. आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, मी एकदा हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे सोंगं काढता व्हय रं घरात बसून?" एका अर्थी खरंच होतं.

गोष्ट मृणाल रचायची. गणपतीनंतरच्या एका रविवारी ती म्हणाली, नव्या गोष्टीत एक जादूगार पाहिजे. "दाढीवाला, टोपीवाला नको, तसले ढिगानं मिळतात. विक्षिप्त पाहिजे. आणि इतका ताकदवान, की नाव निघालं तरी तुमचे हात थरथरले पाहिजेत."

वर सरांची पावलं वाजली. तौसिफनं नुसतं छताकडं बोट केलं.

आम्ही तोंडात उशी कोंबून हसलो. जादूगाराचं नाव तौसिफनंच ठेवलं, उंबरठेश्वर. आणि कागद भरायचं काम माझ्याकडं आलं, कारण घर माझं. म्हणजे सरांचं.

मला ते काम फार आवडलं हे कबूल करतो. रोज ज्याच्यापुढं पाय लटपटतात त्याला एका कागदावर बसवायचं, याच्यात एक मजा असते. त्यासाठी मी एक वहीच घातली, आणि पक्कं झालं ते कागदावर उतरवलं. उंबरठेश्वर न बघता माणूस ओळखतो, नाव आणि गाव सांगितल्याशिवाय त्याच्या हद्दीत पाऊल पडत नाही. त्याच्या दालनातली वस्तू बोटभर हलली तरी त्याला कळतं. तो भर दुपारी दिवे लावतो, सूर्यावर त्याचा विश्वास नाही. बाजूनं येणाऱ्याला तो क्षमा करत नाही. तो कोणाच्या मागं चालत नाही, दुसऱ्याला पुढं घालतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे तो दुसऱ्याच्या तोंडून जग बघतो. हे शेवटचं वाचून मृणालनं टाळी दिली होती.

अडलं ते दुबळ्या बाजूपाशी. ती जागा कोरी.

"तो कशाला भितो ते लिही," मृणाल म्हणाली. "भीती नसलेला जादूगार म्हणजे दगड. दगडाशी कोण खेळणार?"

"सर कशालाच भीत नाहीत."

"शोध मग. तोपर्यंत मी त्याला गोष्टीत घेणार नाही."

मग मला तो नादच लागला. सरांच्या अंगावर पाल पडली, त्यांनी झटकली. समोरच्या बंगल्यावर चोरी झाली, पोलीस आले, सर पोलिसांनाच दाराशी थांबवून नाव-गाव विचारत बसले. एकदा पेपर वाचता वाचता मी धीर करून विचारलं, "सर, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

"अशुद्ध बोलणाऱ्याची. पुढं वाच."

एक गोष्ट मात्र घडली, ती मी वहीत भलत्याच जागी लिहिली. वरच्या पंख्यात बिघाड होता म्हणून मी स्टूल घेऊन चढलो होतो. काम झालं आणि स्टूल तिथंच, खोलीच्या मधोमध विसरून खाली आलो. थोड्या वेळानं वर धप्पकन आवाज आला. मी धावलो. सर फरशीवर पालथे पडलेले, गुडघा फुटलेला, आणि हात पुढं करून ते स्टूल चाचपत होते. त्याचे चारही पाय, एकेक करून. मी दारात उभा आहे याची त्यांना चाहूल नव्हती. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. मग माझ्या चपलेचा आवाज झाला, आणि क्षणात चेहरा पहिल्यासारखा झाला.

"कोणी ठेवलं?"

"मी, सर. चुकलं."

ते उठले. स्टूल उचललं, गॅलरीत गेले आणि कठड्यावरून खाली टाकून दिलं. खाली कोण आहे नाही, बघितलंसुद्धा नाही. वाजल्यावर आत आले आणि खुर्चीत बसले. मला आठवडाभर झोप नीट लागली नाही. रविवारी मी ते सांगितलं तेव्हा तौसिफ म्हणाला, "वस्तूंना शिक्षा देतो! हे लिहीच." मी लिहिलं.

हिवाळ्यात अण्णांनी सरांना हुरड्याला बोलावलं. माझी मोटारसायकल होती, पण सर म्हणाले, माझ्या स्कूटरनं जायचं आणि मी चालवणार. त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. मागं बसणाऱ्यासाठीही नियम होता. समोर काय काय दिसतं ते मोठ्यानं सांगत राहायचं. "वर्णन करायला शीक. तुमच्या पिढीला फोटो काढता येतो, सांगता काही येत नाही." झालं. सावेडीपासून घोडेगावपर्यंत आणि तिथून वळून सोनईपर्यंत मी ओरडत गेलो. डावीकडून टेम्पो. समोर म्हैस. खड्डा, सर, खड्डा! उजवीकडून एसटी. रस्त्यावरचे लोक माझ्याकडं बघून हसत होते. सर मात्र ताठ बसून, मान इकडची तिकडं न करता, माझ्या शब्दांवर गाडी वळवत होते. माझ्या हाताला घाम सुटला होता, आणि मनात एकच, हे कागदावर किती भारी दिसेल!

शेतात आगटी पेटलेली होती. अण्णांनी गरम कणसं चोळून दाणे काढले आणि तळहातावर घेऊन सरांपुढं धरले. "घ्या मास्तर. लई गोड हाय यंदा."

सरांचा हात आला तो अण्णांच्या हाताच्या वीतभर बाजूनं गेला. हवेत थांबला. मग सर म्हणाले, "आधी तुम्ही घ्या, यजमानांनी सुरुवात करावी." सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी सरांचा हात धरला आणि दाणे ओंजळीत ओतले. सरांनी हात हिसडून घेतला, अर्धे दाणे मातीत गेले.

नंतर मी पाणी काढायला विहिरीवर गेलो तेव्हा अण्णा मागून आले.

"मास्तरला दिसत न्हाई का रं?"

"न्हाई अण्णा, तसं काही नाही. ते तसेच आहेत. विक्षिप्त."

"इक्षिप्त," अण्णा म्हणाले. "आपला पवळ्या बैल आठवतो का? त्यो बी बाजूनं गेलं का बुजायचा, लाथा झाडायचा. आमी म्हनायचो, माजलाय. मंग कळलं, त्याचा डोळा गेलाय. म्या दुसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावरलं जू काढलं. तुमी मास्तरच्या हातात गाडी देता व्हय?"

मी बादली भरून घेतली आणि आलो.

परत निघायला दिवस मावळला. कारखाने चालू, त्यामुळं रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर. मी ओरडतच होतो. सोनई मागं टाकली आणि समोरून एक ट्रॅक्टर आला, गाणी लावलेला, दिव्यांचा झोत थेट तोंडावर. धूळ उडाली, मी डोळे मिटले, ठसका लागला. पाच-सहा सेकंद बोललो नसेन. डोळे उघडले तर पुढ्यात ऊस. रस्त्यात पंक्चर होऊन उभी असलेली ट्रॉली, मागं दिवा नाही, आणि तिच्या चाकाला दगड लावत बसलेली एक बाई.

"ट्रॉली!"

सरांनी ब्रेक दाबला. स्कूटर फरफटत गेली आणि थांबली तेव्हा उसाचे शेंडे सरांच्या छातीला लागलेले होते. ती बाई आमच्या चाकापासून दोन हातांवर होती. ती उठली, तिच्या हातातला दगड खाली पडला.

"फुटलं का काय डोळं तुमचं?" ती किंचाळली. "माझी दोन लेकरं हायती वर!"

लेकरं उसाच्या मोळ्यांवर बसलेली होती, ती रडायला लागली. मी सरांच्या उत्तराची वाट बघत होतो. हा माणूस पोलिसालासुद्धा ऐकवायचा. पण त्यांनी हात पुढं केला आणि छातीला लागलेला ऊस बोटांनी चाचपला, जसं ते स्टूल चाचपलं होतं. मग हळू आवाजात मला विचारलं, "काय आहे हे?"

"ऊस आहे, सर."

"बोलायचं का थांबलास?"

मी म्हणालो, सर, मी चालवतो. ते म्हणाले, "तू फक्त बोल." आणि मी, सांगितलंच आहे, भित्रा माणूस. मी मागं बसलो. नगर येईपर्यंत एकेका झाडाचं नाव घेऊन ओरडत राहिलो. घशातून आवाज निघेना तरी ओरडत राहिलो.

मला तेव्हा कळलं नव्हतं, असं मी पुष्कळ जणांना सांगतो. खोटं आहे ते. अण्णांनी विहिरीवर सांगितलं तेव्हाच कळलं होतं. पण सर आंधळे होत चाललेत असं म्हटलं, की मग ते कोणाला तरी सांगावं लागणार, आणि त्याआधी सरांना सांगावं लागणार. ती छातीच नव्हती माझ्यात. त्यापेक्षा ते जादूगार असलेले बरे. रविवारी मी ट्रॉलीची गोष्ट रंगवून सांगितली. त्या बाईचं सांगितलं नाही. मृणालनं त्या एका गोष्टीवर उंबरठेश्वराला सर्वांत मोठा आकडा दिला. दुबळ्या बाजूपुढं मी पेन्सिलीनं लिहून टाकलं, कशालाच भीत नाही. विषय संपला.

पुढं दोन महिने सर स्कूटर काढायचे, आणि मी प्रत्येक वेळी धावत जाऊन मागं बसायचो. ऑफिसला उशीर झाला तरी. एकटे गेले तर काय, या विचारानं माझं जेवण कमी झालं होतं. एवढं केलं, पण बोललो नाही.

महाशिवरात्रीच्या पुढच्या रविवारी सरांची मुलगी न कळवता आली. ताईंना मी एकदाच भेटलो होतो. सर वर झोपलेले, म्हणून त्या पाणी प्यायला माझ्या खोलीत आल्या. आमचा खेळ मांडलेला. ताई मोकळ्या स्वभावाच्या, त्यांनी फासा हातात घेऊन बघितला, हे काय, ते काय विचारलं. आणि मृणालला राहवलं नाही.

"ताई, रागावणार नसाल तर एक दाखवते. हा आमचा जादूगार. ओळखा कोण!"

मी कागद ओढायला हात पुढं केला, पण उशीर झाला होता.

ताईंनी पहिल्या दोन ओळी मोठ्यानं वाचल्या आणि पोट धरून हसल्या. "नाव सांगा, गाव सांगा! अगदी बाबा!" तिसरी ओळ मनात वाचली. चौथ्या ओळीला हसू गेलं. भर दुपारी दिवे लावतो, यावर त्यांचं बोट थांबलं. मग त्या पलंगावर बसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या. मृणाल माझ्याकडं बघत होती, हे काय झालं म्हणून.

"आजीचं असंच होतं," ताई म्हणाल्या. "बाबांच्या आईचं. ती पण वस्तू हलवू द्यायची नाही. ती पण दिवसा दिवा मागायची. काचबिंदू होता, कळला तेव्हा सगळं गेलेलं. मग दहा वर्षं एका कोपऱ्यात. मोरीपर्यंत जायचं तरी हात धरायला कोणीतरी पाहिजे. बाबाच धरायचे." त्यांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "हे दुसऱ्याच्या तोंडून बघतो म्हणजे काय? कुठं बघतात?"

मी सांगितलं. पेपर, स्टूल, स्कूटर. ट्रॉलीचं सांगितलं, आणि या वेळी त्या बाईचंही सांगितलं, लेकरांचंही.

"आणि तुम्ही हे लिहून काढलंत," ताई म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "एवढं सगळं नीट बघितलंत. एक फोन नाही करावासा वाटला?"

तौसिफ फासे गोळा करत होता, त्याच्या हातून दोनदा खाली पडले. ताई तो कागद घेऊन वर गेल्या. आम्ही तिघं खाली बसून राहिलो. वरून भांडणाचा आवाज येईल म्हणून मी कान लावून होतो. काहीच आलं नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी झाली. उजवा डोळा कधीचाच गेलेला. डाव्यानं नळीतून बघावं तेवढं दिसतं, रोज न चुकता थेंब घातले तर तेवढं राहील, गेलेलं परत येणार नाही. स्कूटरची किल्ली ताईंनी पर्समध्ये टाकली. त्याहून वाईट म्हणजे, सामान आवरताना त्यांना जाड शब्दकोशात घडी घालून ठेवलेला एक कागद सापडला. तीन वर्षांपूर्वीचा, डॉक्टरांचा. सरांना ठाऊक होतं. एकदा जाऊन ऐकून आले होते आणि पुन्हा गेले नव्हते. ताई जिन्यात बसून रडल्या. सरांनी आता संगमनेरला राहायचं असं ठरलं.

ते आठ-दहा दिवस सरांनी मला पेपर वाचायला बोलावलं नाही. मी रोज सातला तयार होऊन बसायचो. जायच्या दिवशी सकाळी वरून हाक आली.

"कागद घेऊन वर ये. मुलीनं टेबलावर ठेवलाय, पण मला सापडायचा नाही."

मी वर गेलो. कागद टेबलावरच होता, सरांच्या हातापासून वीतभर अंतरावर. सर खुर्चीत, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसलेले. नजर माझ्या कानाच्या बाजूला.

"वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. जीभ टाळूला चिकटत होती. प्रत्येक ओळीला सर थांबवायचे, आणि मला वाटायचं आता छत्री येणार. "बरोबर," ते म्हणायचे. "हेही बरोबर." सूर्यावर त्याचा विश्वास नाही, याच्यावर ते किंचित हसलेसुद्धा. "वाक्य चांगलं जमलंय. पुढं."

"दुबळी बाजू," मी वाचलं. पुढं वाचवेना.

"वाच."

"कशालाच भीत नाही."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला, तेवढाच आवाज.

"चूक," ते म्हणाले. "शून्य मार्क. खोड ते आणि मी सांगतो तसं लिही. पेन आहे? लिही. त्याला," मग वर्गात सांगतात तसे ते थांबले, मला लिहायला वेळ मिळावा म्हणून, "हात धरून, चालवलं जाण्याची, भीती वाटते. पूर्णविराम दे."

मी दिला.

"वाचून दाखव."

मला वाचता आलं नाही. मी म्हणालो, "सर, माझं चुकलं. मी आधीच सांगायला हवं होतं."

"हो," सर म्हणाले. "हवं होतं. आणि मी ते ऐकून घेतलं नसतं. तुलाही ठाऊक होतं ते. चल, आटप."

ताई वर आल्या. रिक्षा आली होती, तिनं माळीवाडा एसटी स्टँडवर जाऊन तिथून संगमनेरची गाडी. जिन्याच्या तोंडाशी त्यांनी हात पुढं केला. "बाबा, धरा."

सरांनी छत्री उचलली. "त्याला पुढं चालू दे."

मी पुढं झालो. बारा पायऱ्या, प्रत्येकीच्या कडेला त्यांनीच रंगवलेला पांढरा पट्टा. "पायरी," मी म्हणालो. मागं छत्रीचं टोक टकटकलं आणि पाऊल पडलं. "पायरी. पायरी." सहा झाल्या. सातवीवर छत्री वाजली नाही. माझ्या खांद्यावर हात पडला. ज्या माणसाला वर्षभर मी इतका भीत होतो त्याचा हात, आणि तो थरथरत होता. बोटं सदऱ्यातून खांद्यात रुतली. मी जागच्या जागी उभा राहिलो.

"बोलायचं का थांबलास?" सरांनी विचारलं. शब्द ट्रॉलीपाशी विचारले होते तेच.

"पायरी, सर," मी मोठ्यानं म्हणालो. "अजून पाच आहेत."